शनिवारच्या सह्या

६ सप्टेंबर, शनिवार
दातओठ खात सही केली!

डेमरी, माझ्या पोरीचा बाप, सहा वर्षांनी इकडे अमेरिकेत, आमच्या विचिटा शहरात उगवला. पोरीच्या खर्चाचे पैसे बुडवून गेला होता; मी सरकारी मदत घेऊन तिला वाढवलं. आता तीच थकबाकी सरकार त्याच्याकडे मागतंय. आणि त्यावर सरकारचीच नवी टूम — बापांच्या वर्गाला जा, दर शनिवारी लेकीबरोबर चार तास काढ, चिठ्ठीवर आईची सही आण, तेवढी थकबाकी माफ! मी नऊ वर्षं रोज चोवीस तास काढले. मला कोण काय माफ करतंय?

१३ सप्टेंबर
नायला उड्या मारत घरी आली. "मम्मा, डॅडीने वॉफल जाळले! नुसता धूर!" मी जाळले असते तर दिवसभर तोंड फुगवून बसली असती.

२१ सप्टेंबर, रविवार
रविवार म्हणजे तिचे केस. मी खुर्चीवर, ती खाली माझ्या गुडघ्यांत, शेजारी तेल आणि वेण्यांत ओवायच्या मण्यांचा डबा. एक रविवार चुकवला नाही मी. आज म्हणते, "काल डॅडीने वेण्या घातल्यात. राहू दे ना."

वर्गात बापांना वेण्या शिकवतात म्हणे! भांग इतका वाकडा की चर्चमध्ये मलाच लाज वाटली. ती मात्र मान ताठ करून मिरवत होती.

हो, जळते मी. इथे तरी खरं लिहिते. डबा तसाच कपाटात ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

२७ सप्टेंबर
सही केली नाही. म्हटलं, पेन सापडत नाही. पेन माझ्या हातातच होतं. तो फक्त "बरं" म्हणाला. नायला माझ्याकडे बघत राहिली.

४ ऑक्टोबर
लोरीन, माझी बहीण, फोनवर ओरडली — "अगं वेडे, सह्या दे! माफी मिळाली की पळेल तो. गरज सरो, वैद्य मरो!"

तेच तर हवंय मला. पळू दे. नायला पुन्हा माझी एकटीची. गेल्या आठवड्याचीसुद्धा सही करून टाकली.

८ नोव्हेंबर
अजून येतोच आहे. आज भांग सरळ होता. फार चीड आली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शेवटी थकबाकीच्या सरकारी ऑफिसात फोन करून विचारलं, याचं संपणार कधी? तिथली बाई म्हणाली, "मॅडम, त्यांची माफी अकरा ऑक्टोबरलाच पूर्ण झाली. त्यानंतर एकही चिठ्ठी आलेली नाही."

त्यानंतर मी पाच सह्या केल्यात!

२२ नोव्हेंबर, शनिवार
दारातच विचारलं, मग चिठ्ठ्या कशाला आणतोस? खाली बघत म्हणाला, "रिकाम्या हाताने आलो असतो तर पाठवलं असतंस तिला?"

मी आत गेले. पेन आणलं नाही. मण्यांचा डबा आणून त्याच्या हातात दिला.