विनीताच्या दोन बासनांविषयी

मी, चंद्रप्रभा श्रीनिवास देगलूरकर, वय अठ्ठावन्न, राहणार गाडीपुरा, नांदेड, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने बीजगणितातला प्रश्न घालून पाहावा. पुण्याचे कॉलेज सोडून पस्तीस वर्षे झाली तरी सुटेल. मला कोणी आग्रह केलेला नाही. आग्रह करील असे घरात कोणी उरलेलेही नाही.

१. राहते घर पुतण्या श्रीपाद यास. परसातला लिंब तोडायचा असेल तर त्याने घर घेऊ नये.

२. शिवणयंत्र आणि तांब्याची घंगाळे, बावीस वर्षे माझ्या घरी राबलेल्या नागाबाईस. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

३. दीर किशनराव यांस काही नाही. "वहिनी, कादंबऱ्या वाचणारी पोरगी संसारात टिकत नसते," असे ते चारचौघांत म्हणत. ते मी मानले आणि घरात कादंबरी येऊ दिली नाही. मानले हा दोष माझा. सांगितले हा त्यांचा.

४. आता पुस्तकांविषयी. माझी एकुलती मुलगी विनीता तीन वर्षांपूर्वी विषमज्वराने गेली. बाविसाव्या वर्षी. तिच्याजवळ लाल कापडाची दोन बासने असत, एक उशाशी आणि एक देवघराच्या कोनाड्यात. पोथ्या आहेत असे ती सांगे. मुलगी पोथी वाचते याचे मला समाधान होते.

दहाव्या दिवशी उशाचे बासन मी गोदावरीत सोडले. सुतकात पोथीचे बासन उघडत नाहीत, म्हणून गाठ न सोडताच सोडले.

सुतक फिटल्यावर कोनाड्यातले बासन उघडले. आत कादंबरी होती, भाग पहिला. खानावळ चालवणाऱ्या दोन बहिणींची. रागाने एक पान वाचले. मग बसले. दुपारचे जेवण राहिले. खोटा न्यायाधीश बनून फुकट जेवणाऱ्या पाहुण्याला धाकटी बहीण भांडी घासायला लावते, तिथे मी मोठ्याने हसले. नागाबाई दारात उभी होती.

"बाई, लेकीला जाऊन पंधरा दिस न्हाई झाले, अन् तुम्ही हसून राहिल्या?"

मी पुन्हा पानाकडे पाहिले. त्याच पानाच्या समासात विनीताच्या पेन्सिलीने लिहिले होते: "आई इथे हसणारच. हसली नाही तर माझं नाव बदला."

म्हणजे ती मला हे पुस्तक देणार होती. इतका आनंद मला कोणत्याही पुस्तकाने दिला नव्हता, आणि तो जिच्याशी बोलायचा ती नव्हती. शेवटच्या पानावर लिहिले होते: "आई, तुला एक विचारायचं आहे. तोंडानं धीर होत नाही. पुढच्या भागात, योग्य जागा आली की तिथं लिहिते."

पुढचा भाग उशाशी होता.

दुसरा भाग मी पुण्याहून मागवला. निजामाच्या हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरी नाक्यावर पार्सल उघडले गेले, पण पोचले. दोन दिवसांत वाचून संपवला आणि नंतर चारदा वाचला. कथा शेवटपर्यंत तितकीच गोड आहे. पण समास कोरे आहेत, आणि विनीता कुठे थांबली असेल ते मला सापडले नाही. पोरीने काय विचारावे हे मी नेहमी आधीच ठरवून ठेवत असे. त्यामुळे ओळखण्याची सवय राहिली नाही.

म्हणून दोन्ही भाग विनीताची मैत्रीण कावेरीबाई, मुक्काम रेणापूर, हिला द्यावेत. तिला मी एकदा दारातूनच परत पाठवले होते, "विनीता अभ्यासात आहे" म्हणून. तिने राग धरला असेल तरी वाचायला सुरुवात करावी. पुढचे काम कादंबरी करील. विनीताचे मन कावेरीस माझ्याहून जास्त ठाऊक होते. दुसऱ्या भागात जिथे ती आईला काही विचारण्यासाठी थांबली असेल असे कावेरीस वाटेल, तिथे तिने समासात माझ्या नावाने "हो" असे लिहावे.

प्रश्न कोणताही असो.

हे सर्व वाचून पाहून सही केली.

चंद्रप्रभा श्रीनिवास देगलूरकर

आमच्यासमक्ष सही झाली:
मडिवाळप्पा उदगीरकर, निवृत्त शिक्षक
रेणुकादास माहूरकर, शेजारी

नांदेड, १५ बहमन १३५५ फसली (इ.स. १९४५)