नाल्याकडच्या तुकड्याचं गणित

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, दुपार

चि. गोपिकास,

तुझ्या दादाचे, म्हणजे रुपरावचे, पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे कूलरच्या आश्रयानं ठीक आहोत. तुझी शुगर किती आली ते कळव, आणि आकडा खरा कळव. जावईबापूंच्या गुडघ्याला नुसतं तेल चोळू नकोस, त्यांना खुर्चीवर बसवून जेवायला वाढ, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा मुद्दा हरवतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

दोन आठवड्यांमागच्या बुधवारी तू उमरेडला लग्नाला गेली होतीस, तेव्हा मी तुझ्या शेताच्या नाल्यात, कंबरेएवढ्या बेशरमाच्या झुडपांत, दोरी घेऊन उभा होतो. हे तुला तुझ्या शेजारच्या पिंटूनं सांगितलंच असेल. (सांगितलं नसेल तर तो आजारी असेल, चौकशी कर.) त्याचा खुलासा करायला हे पत्र.

झालं असं, की आपली मयुरा यंदा बारावीला आहे. तिला क्लासला सोडायला मी जातो. क्लास किराणा दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, आणि बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर पापड भाजावा. म्हणून मी आत, शेवटच्या बाकावर, कूलरच्या तोंडाशी बसू लागलो. शिकवणारे उन्मेष सर अठ्ठावीस वर्षांचे. त्यांना पहिले दोन दिवस वाटलं, मी तपासणीला आलो आहे; ते फार शुद्ध बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कलनशास्त्राचं मूलभूत प्रमेय काढलं. मी दहावीपर्यंतच शिकलेला माणूस, पुढचं सगळं गोदामाच्या खुर्चीत बसून रद्दीतली पुस्तकं वाचून गोळा केलेलं. पण सरांनी फळ्यावर खाली एक सरळ रेघ, वर एक वाकडी रेघ काढली आणि मधली जागा खडूनं भरली, तेव्हा मी ती जागा ओळखली. खालची पांदणीची सरळ वाट, वरचा नाला, मधला तुझा तुकडा.

मयुरानंही ओळखली. घरी येताना मागून म्हणाली, "आबाजी, आत्याआजीचा तुकडा असा वाकडा हाय, तर तुमच्याएवढाच हाय हे कोणी मोजलं?" मी म्हणालो, अंदाजानं. वाटणीला एकवीस वर्षं झाली, बाबा गेल्यावर विहिरीकडचा तुकडा मी घेतला, नाल्याकडचा तुला दिला, निम्मे-निम्मे. ती म्हणाली, "अंदाज कोणाचा होता?" मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

मग तीन महिने मी ते प्रमेय घेऊन बसलो. तुला समजावून सांगतो, भात लावणाऱ्या बाईला ते लवकर कळेल. समज, तू पांदणीच्या कडेनं विहिरीकडून पूर्वेला निघालीस, आणि पांदणीपासून नाल्यापर्यंत एकेक पट्टा नांगरत चाललीस. नांगरलेली जमीन किती वेगानं वाढते? तू जिथं उभी आहेस तिथं शेत जेवढं रुंद, तेवढ्या वेगानं. नाला दूर असेल तिथं एका पावलात भरपूर वाढते, नाला पोटात घुसला असेल तिथं कंजुषीनं वाढते. म्हणजे रुंदी हाच जमिनीच्या वाढीचा वेग. आता उलटं चालायचं. ज्याच्या वाढीचा वेग ही रुंदी आहे, असं सूत्र शोधायचं. ते सापडलं, की मधल्या शेतात पाय ठेवायची गरज नाही. सूत्रात शेवटच्या टोकाचं अंतर घालायचं, मग सुरुवातीच्या टोकाचं घालायचं, पहिल्यातून दुसरं वजा करायचं. झालं क्षेत्रफळ. (हे मला पटायला सव्वा महिना लागला. अख्खं शेत दोन टोकांत कसं मावतं, म्हणून मी सरांना विचारलं, "हे नाल्यालेही लागू पडते का?" पोरं हसली. सर म्हणाले, "नाल्यालेही पडते काका, फक्त टोकं नीट धरा.")

रुंदी मोजायला तुझ्याकडे कुहीला यावंच लागलं. मयुरा पांदणीवर वही घेऊन, मी दोरीचं टोक धरून नाल्याकडे, दर दहा मीटरला एकदा. सातव्या खेपेला मी घसरलो आणि चिखलात बसलो, ते बसल्या जागेवरून मयुराला आकडा ओरडून सांगत होतो, तेवढ्यात पिंटू आला. "काय शोधून राहिले गा मोठेबाबा?" मी म्हणालो, चप्पल. तो भला माणूस अर्धा तास माझ्यासोबत चप्पल शोधत राहिला. सापडलीही एक, डाव्या पायाची, बाईची. ती मला घालून घरी यावं लागलं. तुझी असेल तर कळव.

घरी आकडे कागदावर मांडले. नाल्याची कृपा अशी, की त्याचा वाक क्ष-वर्गाच्या सूत्रात जवळजवळ चपखल बसला. मी सूत्र उलटं फिरवलं, शेवटच्या टोकाचे एकशेवीस मीटर घातले, उत्तर आलं एक्कावन्न आर आणि वर साठ चौरस मीटर. माझा तुकडा चौकोनी, त्याला चौथीचं गणित पुरतं. तो भरला नेमका एक्कावन्न. म्हणजे साठ चौरस मीटर तुझंच जास्त. मी अर्धा किलो संत्रा बर्फी आणली. चार दिवस मला इतकी छान झोप लागली, की तुझ्या वहिनीनं दोनदा हलवून पाहिलं.

पाचव्या दिवशी मयुरानं वही पाहिली. "आबाजी, खालचं टोक कुठं गेलं?"

कोणतं खालचं टोक, मी विचारलं.

"तुम्ही मोजाले सुरुवात कुठून केली?"

विहिरीपासून. आपल्याकडे सगळंच विहिरीपासून मोजतात.

"आणि आत्याआजीच्या हद्दीचा धुरा विहिरीपासून वीस मीटरवर. मंग ते वीस मीटर कोणाचे?"

माझे.

"मंग ते तिच्या खात्यात काहून धरून राहिले?"

मी पेन्सिल तिच्याकडे सरकवली. तिनं सूत्रात वीस घातले, तेरा आर आणि थोडं निघालं, ते वजा केलं. तुझा तुकडा अडतीस आर. माझा एक्कावन्न. मी तीनदा करून पाहिलं, एकदा चष्मा पुसून. प्रमेयात काही खोट नाही. उरलेली बर्फी मयुरानं संपवली. तिला या प्रकरणात पूर्ण मार्क आहेत आणि गणित सोडायचा तिचा विचारही आता बारगळला आहे.

तर असं हे गणित. वेळ चांगला जातो. पिंटूला चपलेबद्दल काही बोलू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. – कुहीच्या मोजणीवाल्यांकडे अर्ज दिला आहे. पुढच्या गुरुवारी ते येतील, तुझी सही लागेल. निम्मे-निम्मे करायचं तर धुरा विहिरीकडे साडेदहा मीटर सरकतो (हेही त्याच प्रमेयानं काढलं, मयुरानं तपासलं). हे मी वरच लिहिलं असतं तर तू "राहू द्या दादा" म्हणून पत्र तिथंच मिटवलं असतंस. राहू देणार नाही.

आणखी एक – सव्वा महिना, तीन महिने, प्रमेय वगैरे सगळं खरं आहे, पण त्याची गरज नव्हती. वाटणीच्या दिवशी तू धुऱ्यावर डबा सोडत होतीस, तेव्हा मी दोन्ही तुकडे पावलांनी मोजले होते. नाल्यापर्यंतची पावलं कुठं कमी पडतात ते मला तेव्हाच कळलं होतं. तू विचारलंस, "बरोबर हाय ना, दादा?" मी हो म्हणालो आणि जेवायला बसलो.

बरोबर नव्हतं वं बाई. सहीला येताना चष्मा आण, आणि वाचून सही कर.