डावखुरा दंतवैद्य

प्रिय डेनिस,

‘प्रिय’ लिहिताना हात आखडला. पण दुसरं जे सुचत होतं ते कागदावर उतरवण्यासारखं नव्हतं.

लंडनभर तुझ्या नव्या हेरकादंबरीचे फलक लागलेत. परवा रेडिओवर तू म्हणालास, “माझी सगळी माणसं काल्पनिक असतात.” काय धीर आहे रे तुझा! मी ऐकत होते, हे माहीत असतं तरी तू तेच बोलला असतास.

बुडापेस्टला तू ब्रिटिश वकिलातीतला साधा कारकून म्हणून वावरायचास आणि दाढदुखीचं निमित्त करून माझ्या दंतवैद्य बाबांच्या खुर्चीत येऊन बसायचास. तुझ्या तोंडात कापूस कोंबता कोंबता बाबा गुप्त बातम्या द्यायचे. तुला आमची भाषा येईना, म्हणून मी शेजारी उभी राहून हलकेच इंग्रजीत सांगायचे. बाबा म्हणायचे, “इल्का, याचे दात घोड्यासारखे ठणठणीत आहेत. जरा कण्हायला सांग की त्याला, बाहेर लोक बसलेत!” आणि तू असा कण्हायचास, की हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मला तिथून तूच बाहेर काढलंस, लग्नाचंही बोललास. ते मी विसरले नाही.

मग नोकरी सोडून तू पहिली कादंबरी लिहिलीस. दंतवैद्याचं नाव बदललंस, रस्ता बदललास, पण बाबांचा डावा हात तेवढा तसाच ठेवलास. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. पुढच्या हिवाळ्यात बाबांना धरून नेलं.

तिथून पळून आलेल्या एका पोलीस अधिकाऱ्यानंच मला सांगितलं, “बाई, आम्ही ती कादंबरी ओळ न् ओळ वाचली. मग शहरातले डावखुरे दंतवैद्य शोधले. एकच निघाला.” मी तशीच धावत तुझ्याकडे आले, तर तू सिगारेट पेटवून म्हणालास, “अगं, कादंबरी आहे ती. लेखकाला बारकावे लागतातच.” त्या बारकाव्यांवर तू बंगला बांधलास, डेनिस. त्या दिवशी मी तुझा उंबरठा सोडला तो सोडलाच.

आता बाबा सुटून माझ्याकडे आलेत. डाव्या हातात चमचा धरवत नाही त्यांना. तुझ्या पुस्तकावर तिथे बंदी होती, त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, दवाखान्यातल्या मदतनीस पिरोश्कानं घात केला. तुरुंगातून त्यांनी तसा निरोप धाडला आणि साऱ्या गल्लीनं तिला वाळीत टाकलं. म्हातारी अजून तिथेच राहते. तिच्याशी कुणी बोलत नाही. काल जेवताना बाबा म्हणाले, “त्या पिरोश्काला मी मेलो तरी क्षमा करणार नाही. पण डेनिस? सोन्यासारखा पोरगा! भेटव ना एकदा.”

म्हणून हे पत्र. रविवारी दुपारी मी बाबांना घेऊन तुझ्या घरी येतेय. दार तू स्वतः उघड. पिरोश्का निर्दोष आहे आणि घात कुणी केला, हे तुझ्या तोंडून त्यांना ऐकू दे. इंग्रजी त्यांना आजही येत नाही. तू बोल, मी पूर्वीसारखीच शेजारी उभी राहून सांगेन. फक्त या खेपेला तुझा एकही शब्द मी मऊ करणार नाही.

एके काळची तुझीच,
इल्का