सहावा हिरवा पट्टा

६ ऑक्टोबर
एकदाचा कॉर्व्हेलला पोचलो. विनिपेगहून बसने नऊ तास, शेवटचे तीन नुसत्या झाडांतून. सहा वर्षं तिथल्या कारखान्यात कोंबड्या कापल्या, पण कायमचं राहू देतो असं कुणी म्हणालं नाही. या चारशे वस्तीच्या गावाला माणसं हवी आहेत. गावच्या समितीने शिफारसपत्र दिलं की पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा अर्ज पुढे सरकतो, आणि मग बायको मारिव्हिक आणि लेक ताला फिलिपिन्समधल्या इलोइलोहून इकडे येतील. समितीत पाच जण आहेत. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, माझा तर या पाच म्हाताऱ्यांच्याच मुखी आहे.

बस थांब्यावर समितीच्या प्रमुख इर्माबाई स्वतः आल्या होत्या, वेलदोड्याचा गरम पाव घेऊन. खोलीत आधीच शेगडी पेटवून ठेवली होती. तालाचं वय विचारलं. नऊ म्हटल्यावर उंचीही विचारली, तिच्यासाठी बर्फातला कोट शिवायला घेणार म्हणून. इतकी माया मला सख्ख्या आत्यानेही लावली नाही.

१५ ऑक्टोबर
गावच्या कामांवर मी आणि आर्वो. आर्वो पासष्टीचा, दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन शिव्या. पुढच्या महिन्यात जमीन दगड होते, म्हणून हिवाळ्यात मरणाऱ्यांचे खड्डे आत्ताच खणून ठेवायचे असतात.

किती खणायचे, हे दहिवर सांगतं. आज पहाटे गोठलेल्या दवाने सगळं दफनस्थान पांढरं झालं होतं, आणि मधे माणूस झोपेल एवढे हिरवे पट्टे कोरडे राहिले होते. सहा. आर्वोने खुंट्या मारल्या. कुठला कोणाचा तेही त्याला ठाऊक. हा सत्त्याण्णव वर्षांच्या हेल्मीआजीचा, हा दारुड्या ओल्लीचा, असे पाच मोजले. सहावा आखूड होता. तो माझ्यासारख्या बुटक्याचा दिसतोय, असं मी म्हणालो. आर्वो हसला नाही. सहाही खड्डे फळ्या आणि पेंढ्याने झाकून घरी आलो. दोघांत मिळून मटणाचं कालवण केलं.

३ डिसेंबर
हेल्मीआजी गेल्या, पहिल्या खड्ड्यात. गावात कुणी फारसं रडलं नाही. इर्माबाईंनी कोटाची बाही दाखवली, लाल आहे. तालाला फोनवर दाखवली तर ती नाचली.

९ फेब्रुवारी
चार भरले. चौघंही आर्वोने सांगितले तेच, सांगितले त्याच खड्ड्यात.

आता थट्टा सुचत नाही. दुपारी एकटा गेलो, सहाव्याच्या फळ्या काढून आत उतरलो आणि आडवा झालो. पाय दुमडावे लागले. साडेचार फुटांचा आहे. मी पाच फूट तीन. म्हणजे माझा नाही. वर येऊन बर्फात बसून हसलो, आणि मग आपलीच लाज वाटली.

१९ मार्च
आज पाचवा. आर्वोचा सख्खा भाऊ.

वाट साफ करताना कुंपणाशी फावडं दगडाला लागलं. बर्फ झटकला तर लहान लहान दगड, एका ओळीत. येमी, वय सात. ओलेना, वय नऊ. योनास, वय पाच. आडनावं कुणाचीच गावातली नाहीत. वर्षं वेगवेगळी, पण सगळे एप्रिलमध्येच गेलेले.

आर्वोला विचारलं. कुणी तापाने, कुणी तळ्यात, म्हणाला. पूर्वी असा आखूड पट्टा गावातल्याच कुणाच्या पोराचा असायचा. मग समितीने बाहेरची कुटुंबं आणायला सुरुवात केली. पत्रात नाव आलं की मूल गावचं होतं, आणि पट्टा त्यालाच धरतो. येमीच्या बापाला हे कळलं, त्याच दिवशी त्याने पोराला टोरंटोला नेलं होतं.

"पेटीतून परत आणला," आर्वो म्हणाला. "दहिवर आम्ही पाडत नाही, लेका."

२० मार्च
सकाळीच इर्माबाईंकडे गेलो. पत्र नको म्हटलं. निदान तालाचं नाव काढा. पाय धरले.

त्यांनी माझा हात थोपटला. पत्रावर सोमवारीच सह्या झाल्या, प्रत मारिव्हिकला गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं.

"शाळेत बारा पोरं उरलीत, क्रिसांतो. बाराही आमची आहेत."

मांडीवर लाल कोट. शेवटचं बटण लावत होत्या.

२२ मार्च
मारिव्हिकला फोन केला. येऊ नका म्हटलं. खड्डा, दहिवर, सगळं सांगितलं.

"सहा वर्षं थांबले. आता येऊ नको म्हणतोस? सरळ सांग ना, तिथे दुसरी कोण आहे?"

शपथा घेतल्या. फोन ठेवून दिला तिने.

१० एप्रिल
एकोणीस दिवस मारिव्हिक फोन उचलत नाही. पट्टा टोरंटोपर्यंत पोचला. इलोइलोपर्यंत — नको.

११ एप्रिल, सकाळ
इर्माबाई दारात, पाव घेऊन. समितीने तात्पुरता व्हिसा आणि तिकिटं काढली होती. मारिव्हिकनेच मला सांगू नका म्हटलेलं. विमान विनिपेगला उतरलं. आर्वो रात्रीच गाडी आणि तो लाल कोट घेऊन गेलाय.

चार वाजता पोचतील. तिघांनी पळून — येमीचा बापही पळालाच होता.

दुपार
मारिव्हिक, ही वही तुझ्यासाठी. दुसरी कुणी नाही. कधीच नव्हती.

पत्रात तिन्ही नावं आहेत. माझंही आहे. खड्ड्याला गावचं एक माणूस हवं, एवढंच. मी मावलो तर —

पाऊण फूट वाढवायचाय. पायाकडून खणतोय. वरची माती सुटली, खाली अजून दगड. पहार वाकली.

तीन वाजले. अर्धा फूट झालाय. आडवा होऊन पाहिलं. गुडघे अजून —

तालाला तळ्याकडे जाऊ देऊ नकोस. तो लाल कोट जाळ.

बोटं फुटलीत. चार बोटं जागा कमी पडतेय फक्त. थोडं अजून —

गाडी. वळणावर गाडीचा आवाज. कुंपणापाशी काहीतरी लाल पळत येतंय, हाक मारतंय, मी ओरडतोय थांब, ताला थांब, कडेची माती सुट