वरचं विमान

२ नोव्हेंबर, रविवार

पळपुटी! राजकुमार मला पळपुटी म्हणाला. तेही आमच्या टीममधला लखन हेडफोनवर ऐकत असताना!

काय केलं मी? कॉम्प्युटरवरच्या विमानयुद्धाच्या सामन्याआधीचा सराव होता, एकास एक. तो माझ्या विमानामागे लागला, मी नाक वर करून सरळ चढत गेले. अंगात वेग नसताना हा आला मागून! अर्ध्या वाटेत वेग संपून विमान लटकलं त्याचं. मी उलटले, वरून गोळ्या घातल्या. तीनदा झालं हे. तिन्ही वेळा तीच चूक!

"असं नसते व ताई. भिडायचं असते, भिडायचं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणे कॅप्टन!

४ नोव्हेंबर, मंगळवार

नववीला आज ऊर्जेचा धडा घेतला. उंची म्हणजे साठवलेला वेग. खाली झेपावलं की वेग हातात येतो, चढलं की परत उंचीत जमा होतो. नुसतं गरगर वळत बसलं की दोन्ही जातं. पोरांना एका तासात कळलं. मंचेरियलच्या त्या शहाण्या कॅप्टनला वर्षभरात कळलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वांकिडीहून लखनचा फोन. दिवसभर कापूस वेचून थकलेला, तरी बिचारा समजूत घालतोय. "राग नको धरू ना ताई. तुमी दोघंच भांडान तं आमी काय करावं?"

मी भांडते? मी!

९ नोव्हेंबर, रविवार

हरलो.

समोर तिघं, आम्ही तिघं. मी ठरल्याप्रमाणे वर. हे दोघं सुरुवातीलाच खाली झाडांच्या शेंड्यांवर गरगर वळायला लागले. मग राजकुमारची बोंब — "ताई, खाली ये! माह्या मागं लागले!" मी म्हटलं, वळू नको, वर ये तू. येणार कसा? सगळा वेग उडवून बसलेला! आधी तो पडला, मग लखन. वेळ संपली तेव्हा आमच्यातली एकटी मी हवेत होते. एक गोळी लागली नाही मला!

आणि रात्री ग्रुपवर काय लिहावं त्यानं? "येत्या रविवारी ताईच्या जागी दुसरा कोनी पाहू." ही टीम मी जमवली. मी! त्याला विमान जमिनीवरून उचलायला कोणी शिकवलं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

नाचता येईना, अंगण वाकडं.

सामन्याचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. उद्या ग्रुपवर टाकते. कोणामुळे हरलो ते दिसू दे सगळ्यांना. मग काढा मला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टाकायच्या आधी एकदा लावून बघत होते. आई भाकरी करून आली, पदराला हात पुसत मागे उभी राहिली.

"हे वरतं कोनाचं व?"

"माझं."

तिनं जरा वेळ बघितलं.

"मंग थे काऊन खाली येऊन नाही राह्यलं? खालचे तं मरून राह्यले ना."

स्क्रीनवर माझं विमान संथ घिरट्या घालत होतं. सगळी उंची शिल्लक. वेळ संपली तरी शिल्लकच.

रेकॉर्डिंग टाकलं नाही. राजकुमारला फोन लावला.