चारही पर्याय खरे

प्रिय एरो,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सराव-परीक्षेत गणित चांगलं गेलं, आणि इंग्रजीत चुकलेले जवळजवळ सगळे प्रश्न एकाच प्रकारचे होते, हे वाचलं. संशोधनाच्या चार-पाच टिपा देतात आणि त्यांवरून चार पर्यायांतलं एक वाक्य निवडायला सांगतात, ते प्रश्न. 'चारही पर्याय खरे असतात काइया, मग तीन चुकीचे कसे? ही शुद्ध फसवणूक आहे,' असं तू लिहिलंयस. तुमच्या सुधारगृहात दुकानातून थेट आलेलंच पुस्तक घेतात आणि मी मागवलेलं अजून वाटेत आहे, म्हणून इथेच समजावते.

टिपा आधी वाचू नकोस. खाली एक ओळ असते, विद्यार्थ्याला काय साधायचं आहे ते सांगणारी. ती आधी वाच. समज, टिपा अशा आहेत: वॉलआय मासा अंधारात चांगला पाहतो, पाइक उजेडात शिकार करतो, दोघेही आपल्या तळ्यात सापडतात, दोघेही वसंतात अंडी घालतात. आणि खाली लिहिलंय की दोघांमधला फरक दाखवायचा आहे. आता 'वॉलआय आणि पाइक दोघेही आपल्या तळ्यात राहतात' हे वाक्य खरं आहे, नीटनेटकं आहे, आणि चूक आहे. कारण ते विचारलेलंच नाही. तू वाक्य खरं आहे की नाही ते तपासत बसतोस. तपासायचं ते नाही. यात फसवणूक काही नाही.

घरचं सांगते. आई बेकरीत दोन पाळ्या करते. शनिवारी वाफेच्या अंघोळीचा सौना तापवत नाही, तू फोडलेली लाकडं भिंतीला तशीच रचलेली आहेत. मी एकदा आत न्यायला उचलली, तर म्हणाली, 'ठेव ती. तो आल्यावर जाळू.' जेवताना आम्ही फारसं बोलत नाही. आपल्या घरात हे नवीन नाही, पण पूर्वी तू तरी बडबडायचास.

बर्फ वितळून तळं आता पूर्ण मोकळं झालंय. बुडालेली पिकअप मे महिन्यातच बाहेर काढली. मी अजून आठवड्यातून एकदा पाण्याचे नमुने घ्यायला जाते, दुसऱ्या बाजूने उतरते.

हॅलोरन वकील दोनदा घरी आले. माणूस वाईट नाही. तुझा खटला मोठ्यांच्या कोर्टात न्यायचा की नाही, हे मंगळवारी ठरणार, आणि मी त्यांची सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे असं त्यांना वाटतं. पाणी-खात्याची मुलगी, शिकलेली, त्याच सकाळी स्वतः गिरमिटाने बर्फ मोजून आलेली. त्यांनी माझं वाक्य तयार करून आणलं होतं: 'त्या दिवशी बर्फ फूटभर जाड होता, आणि एवढ्या जाडीवर इथले लोक हिवाळाभर गाड्या नेतात.' वाचून दाखवलं आणि विचारलं, 'यात काही खोटं आहे का?' मी म्हणाले, नाही. 'मग झालं तर. एवढंच बोलायचं आणि खाली बसायचं.' दुसरंही एक आहे त्यांच्याकडे: बाबांनी तुला बाराव्या वर्षी तळ्यावरच गाडी शिकवली, तुझ्यासाठी बर्फ म्हणजे रस्ताच. तेही खरं आहे.

गावातही एक वाक्य फिरतंय. कोल्बीच्या अंगात मस्ती फार, त्यानेच एरोला डिवचलं असणार. पेट्रोलपंपावर दोघं म्हातारे माझ्यासमोर बोलत होते, 'झुपानांचं पोर पहिल्यापासून तसलंच. शाळेच्या छपरावर गाढव नेऊन बांधलं होतं की त्याने.' गाढव नव्हतं, बकरी होती, आणि ती तुम्ही दोघांनी नेली होती. पण कोल्बी आता दुरुस्त करायला येणार नाही.

गेल्या आठवड्यात डोना झुपान किराणा दुकानात भेटली. मी वळून दुसऱ्या रांगेत जाणार होते, तिने ट्रॉली आडवी घातली. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, 'काइया, मला त्याला तुरुंगात सडवायचं नाहीये गं. फक्त एवढं सांग. त्याला माहीत होतं का? की माझ्याच लेकराने हट्ट केला?' मी म्हणाले, मला साक्ष द्यायची आहे, बोलता येत नाही. तिने मान हलवली. तिच्या ट्रॉलीत एकच पाव होता.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने भांडं सिंकमध्ये टाकलं. म्हणाली, 'तुला आकडे बोलायला शिकवलेत ना? मग आकडाच बोल. तुझ्या जिभेला माया कधी नव्हतीच.' असेल.

वकिलांनी मला खटल्याबद्दल तुला काही लिहू नको म्हणून बजावलंय. तुमच्याकडे पत्रं उघडून वाचतात हेही माहीत आहे. वाचू देत. त्या सकाळी मी गिरमिट दाराशी टेकवलं आणि तुला म्हणाले, बर्फ फूटभर आहे पण आतून उभ्या सुयांसारखा सुटा-सुटा झालाय, त्यावर माणसानेसुद्धा उभं राहू नये. तू हसून म्हणालास, 'डॉक्टरीणबाई, तळ्याला ताप आहे का?' म्हणजे तू ऐकलं होतंस. आई चुलीपाशी होती, तिनेही ऐकलं होतं. आणि पहिल्या भेटीत तूच मला रडत सांगितलंस की कोल्बी काठावर थांबला होता, त्याने विचारलं, 'तुझी बहीण काय म्हणाली?' आणि तू म्हणालास, 'चालेल म्हणाली.' तेव्हा तो गाडीत चढला. मंगळवारी मी फूटभर सांगून खाली बसले, तर मी त्या पोराला 'चालेल' म्हटल्यासारखंच होईल, आणि या वेळी ते खरोखर मी म्हटलेलं असेल. म्हणून मी सगळं सांगणार आहे. तुला मोठ्यांच्या कोर्टात पाठवतील, हे मला कळतं. आई माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही ते माहीत नाही. पण माझा नंबर दुपारी आहे, आणि सकाळी न्यायाधीश तुला विचारणार आहेत, तुला काही सांगायचं आहे का. डोना पहिल्या रांगेत बसेल. तिला हे माझ्या तोंडून कळण्याआधी तू सांगावंस, तिच्याकडे बघून, एवढ्यासाठीच हे पत्र.

कुठल्याही कोर्टात तुझीच,
काइया