घोडी जिंकली, बाबा

बाबा, आज संध्याकाळी पॅरिसला एक घोडी जिंकली. तीन वर्षांची, गडद तांबूस, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. वर्षभरात एकदाही हरलेली नाही म्हणे. तिकडची सगळ्यात मोठी शर्यत, भलेभले घोडे समोर, आणि ही शेवटच्या वळणापर्यंत कुंपणाला चिकटून त्यांच्या मागे अडकलेली. तुमची नात फोन उशीला टेकवून बघत होती आणि मी तिच्या पलंगाच्या कडेला. "अरे निकलने की जगह ही नहीं है, आई!" ती चिडली की हिंदीतच चिडते, तुम्हाला अजिबात चाललं नसतं. मग पुढचे दोन घोडे हातभर बाजूला झाले आणि त्या फटीतून ही जी निघाली, की बस! ती शर्यत संपते त्या खांबापाशी पोचली तेव्हा तिच्यात आणि मागच्या घोड्यात आपली शिवाजी नगरची अख्खी गल्ली मावली असती. लेकीच्या दोन्ही मुठी लगाम धरल्यासारख्या पुढेमागे होत होत्या. आणि मी मेली शर्यत सोडून तिच्या पायांवरच्या चादरीकडे बघत होते. घोडा सुटला की टाचा आपोआप दाबल्या जातात ना, म्हटलं एवढ्या भरात एखादं बोट तरी हलेल. चादर हलली नाही.

तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. ती झाली तेव्हा तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता सतरा पूर्ण. नाक तुमचं, हट्ट तुमचा, आणि घोड्याचं वेड तर विचारूच नका. तुम्ही माझ्या बाराव्या वाढदिवसाला खरारा दिला होता, आठवतं? बाकीच्या पोरींना फ्रॉक मिळतात आणि माझ्या पोरीला घोडा घासायचा ब्रश, म्हणून आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. त्याच खराऱ्याने तुमची नात घोडे घासायला शिकली. फेब्रुवारीपासून ती पलंगावर आहे. कमरेखाली काही कळत नाही. रोज सकाळी मी तिचे पाय वाकवते, सरळ करते, डॉक्टरांनी सांगितलंय तसं, वीस वेळा हा, वीस वेळा तो. पाय गरम असतात बाबा, जिवंत असतात, आणि माझ्या हातात नुसते पडून राहतात. काय करू मी त्यांचं?

त्या दिवशी सकाळी मैदानावर मोर उडाला आणि घोडा बुजला. ती पाठीवर पडली. मी धावत गेले तर डोळे उघडे, बोलत होती. म्हणाली, "आई, पायांत मुंग्या येतायत." आणि मी काय म्हटलं असेन? "नाटकं नकोत. ऊठ, लगेच परत बस." तुमचाच नियम. पडलेल्याने घोड्यावर परत बसूनच घरी जायचं, नाहीतर भीती आपल्याबरोबर घरी येते. आपल्या घरात देवाला हात जोडायला कुणी विसरलं तर चालायचं, पण हे नाही. तिथले घोडे सांभाळणारे म्हातारे सईस मला हात जोडून म्हणाले, "बाई साब, ज़रा ठहरो, बच्ची को लेटने दो." मी त्यांना म्हटलं, "आप रहने दो खाँ साहब, हमारे यहाँ ऐसा नहीं चलता." घोड्यांच्या डॉक्टरची मुलगी ना मी! मला कोण शिकवणार? मी स्वतः तिला काखेत धरून वर चढवली. घोडा दहा पावलं गेला असेल. मग ती पडली नाही, हळूहळू एका बाजूला ओघळली, आणि सईसांनी तिला खाली झेललं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "गिरने के बाद हिलाया तो नहीं था?" ह्यांच्यासमोर विचारलं. मी म्हटलं, "नहीं." एवढा एकच शब्द. आता पाठीचा कणा आधीच मोडला होता की मी चढवल्यावर, हे मला मरेपर्यंत कळणार नाही, कारण विचारायचं तर आधी खरं सांगावं लागेल. सईसांनी आजवर कुणाकडे तोंड उघडलेलं नाही. दर शुक्रवारी येऊन तिला घोड्यांच्या गोष्टी सांगतात, आणि जाताना माझ्याकडे न बघता चपला घालतात.

आज शर्यत संपल्यावर त्या घोडीचा माणूस वाकला आणि तिच्या चारी पायांवरून वरून खाली हात फिरवला. सगळे टाळ्या वाजवतायत, आणि ह्याचं लक्ष गुडघ्याखाली. ते बघितलं आणि मला आठवलं. मी अकरा वर्षांची, पोलीस लायनीच्या मैदानात पडले होते, ओठ फाटला होता. तुम्ही मला उचलून बसवलंत, हे मी जन्मभर सांगत आले. पण त्याआधी तुम्ही मातीत गुडघे टेकून बसला आहात. माझ्या मानेमागे हात घालता, गळ्याचं हाड चाचपता, म्हणता, "माझं बोट दाब. आता पायाचा अंगठा हलव. दुसरा." बराच वेळ. मला ओरडायचं आहे आणि तुम्ही मला हलू देत नाही. मग कुठे म्हणालात, "चल, बस." एवढं सगळं मी विसरले बाबा. लक्षात ठेवलं ते फक्त "चल, बस." आणि तुम्ही तरी काय हो, नियम शंभरदा बजावलात, ही तपासणी एकदा तरी तोंडाने सांगायची होतीत! चिडू नये तुमच्यावर, पण आज चिडलेय. दुसऱ्या कुणावर चिडू?

हे मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. हे तिची औषधं आणायला टी. टी. नगरला गेलेत. आत ती शर्यत परत लावून बघतेय, चौथ्यांदा. तुम्हालाच लिहिते, कारण तुम्ही कुणाला सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात हा कागद पडता कामा नये, लिहून झाला की गॅसवर धरणार आहे. पण त्याआधी एक राहिलंय. मघाशी घोडी जिंकल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, "आई, मला त्या दिवशीचं नीट आठवत नाही. तू नको म्हणत होतीस ना? मीच हट्ट करून परत बसले ना?"

मी म्हटलं, "हो ना. तू कधी कुणाचं ऐकलंयस!"

ती म्हणाली, "सॉरी, आई." आणि मी तिला माफ केलं, बाबा.